घटाची माती

सारिका मॅडमचा प्रश्न अगदी साधा होता. वजनकाट्यासाठी खणलेल्या खड्ड्यातली माती कुठे गेली, एवढंच त्यांना हवं होतं.

"इथंच पसरली, मॅडम. त्या कुंपणाच्या कडेला," अर्पितनं पापणीसुद्धा न हलवता सांगितलं. खोटं इतकं सहज तोंडातून निघालं की त्याचं त्यालाच जरा नवल वाटलं.

जळगावच्या बाहेर, हायवेला लागून असलेला हा भूखंड अर्पितच्या वडिलांचा, सुरेशचंदशेठांचा. त्यांची डाळ मिल गावात, आणि तिचं नवं गोदाम इथं व्हायचं होतं. आधी ही जागा भाड्यानं दिलेली होती. नळाच्या तोट्यांना चकचकीत मुलामा चढवायची शेड होती इथं. भाडेकरू शेड मोडून निघून गेला, पण जाताना मुलाम्याचं सगळं पाणी जमिनीच्या पोटात सोडून गेला. त्या पाण्यात क्रोमियमचं विष असतं. शेठजींनी भाडं वर्षानुवर्षं अगदी वेळेवर घेतलं, पण हे पाणी जातं कुठे असं एकदाही विचारलं नाही. आता जमीन शुद्ध केल्याशिवाय बांधकामाला परवानगी नाही म्हटल्यावर हे भलंमोठं मशीन आलं, आणि मशीनबरोबर ते काम बघणाऱ्या धुळ्याच्या सारिका मॅडम आल्या.

मशीन बघायला हायवेवरचे रिक्षावालेसुद्धा थांबत. उंच मनोऱ्यावरून एक जाडजूड पोकळ दांडा खाली यायचा, त्याच्या टोकाला पाती. तो गरगर फिरत जमिनीत शिरायचा आणि शिरता शिरता आतून हिराकसाचं, म्हणजे लोखंडाच्या हिरवट क्षाराचं, पाणी सोडायचा. रवीनं ताक घुसळावं तशी जमीन जागच्या जागी घुसळली जायची. मग दुसऱ्या फेरीला सिमेंटचा पातळ राडा. हिराकसानं विषाचं विषपण जायचं आणि उरलंसुरलं सिमेंटमध्ये अडकून पडायचं.

"उचलून नेली असती तर काम लवकर झालं असतं," मॅडम बघ्यांना समजावून सांगत होत्या. "पण नेणार कुठे? माती उचलली की तिचा रोग दुसऱ्याच्या दारात जाऊन बसतो. म्हणून जिथं आहे तिथंच तिला बरी करायची."

अर्पितला एकाएकी सगळ्यांसाठी चहा सांगायची फार घाई झाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कुंपणाकडची माती बाटलीत घेतली, पाण्यात हलवली आणि औषधाचे थेंब टाकले. विष असेल तर पाणी जांभळं होतं. इथं झालं नाही. त्यांनी बाटली उन्हात धरली, मग अर्पितकडे बघितलं.

"अर्पितभाऊ, खड्ड्यातली माती इथं नाहीये. आणि सगळ्यात वाईट माती त्याच कोपऱ्यातली होती." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आठवलं तर सांगा. कुणाच्या शेतात, विहिरीजवळ गेली असेल तर आत्ता काहीतरी करता येईल."

आठवायचं काय त्यात? ती माती कुठे गेली हे अर्पितला स्वतःच्या घराच्या पत्त्याइतकं पाठ होतं.

झालं होतं असं. उन्हाळ्यात खड्डा खणला तेव्हा एरंडोलच्या अलीकडच्या गावचे झुलाल आबा तिथं आले होते. आबा दरवर्षी आपली तूर यांच्याच मिलवर घालतात, त्यामुळे संबंध जुना. उन्हाळ्यात धरणाचा गाळ वावरात टाकायची आपल्याकडे पद्धतच आहे, आणि आबांचं एक वावर बरड. खड्ड्याच्या काठावरचा काळाभोर ढीग त्यांनी मुठीत घेऊन दाबला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"भाऊ, हाई माटी नही, लोणी शे. फेकू नका, माले द्या."

अर्पितला काय, माती हलवायचीच होती. "घेऊन जा ना आबा," म्हणाला, आणि वर ट्रॅक्टरही आपलाच दिला. चार माणसांसमोर दिला, हे महत्त्वाचं. मग काय, गावभर नाव झालं. शेठच्या पोरानं झुलालचं वावर भरून दिलं. मिलवर येणारा प्रत्येक शेतकरी हे बोलायचा आणि अर्पित "अहो, त्यात काय एवढं" म्हणायचा. असं म्हणताना जी गुदगुली होते तीही त्याला व्हायची, खोटं कशाला बोला.

पावसाळा लागला आणि त्या खड्ड्यात पाणी साचलं. हळद कालवल्यासारखं पिवळं. मुलाम्याच्या शेडमधलं पाणी असंच पिवळं असायचं. अर्पितला समजलं होतं. पण त्यानं खड्ड्यावर पत्रे टाकून घेतले आणि विषय संपवला.

आणि मग संवत्सरी आली. त्या दिवशी जैन माणूस वर्षभराची क्षमा मागतो, कळत नकळत मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम. पूर्वी घरोघर जाऊन हात जोडायचे, आता ही क्षमा फोनवरून एका दाबात सगळ्या गावाला जाते. अर्पितनंही यादीतल्या सगळ्यांना पाठवली. यादीत झुलाल आबाही होते. त्यांना ते वाचून दाखवलं असावं कुणीतरी, कारण त्यांचा लगेच फोन आला, हसत हसत.

"भाऊ, तुम्ही कसानी माफी मांगतस? तुम्हीन त मनं वावर भरी दिधं."

अर्पितही हसला होता. तो हसला होता हे आता आठवलं की त्याला स्वतःच्या तोंडाची किळस यायची.

सारिका मॅडमच्या त्या बाटलीनंतर मात्र त्याला जेवण जाईना. त्यानं वडिलांना सगळं सांगितलं. सुरेशचंदशेठ गादीवर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"बेटा, बोंब मारून काय मिळणार? गावात गेलं तर मिलच्या दारात कोण माल आणेल? आपण शेत सुधारून देऊ. मशीन आहेच, दोन दिवस तिकडे पाठवू. सांगायचं, शेठकडून जमीन सुधारणा. त्यांचं भलं होईल, आपलीही लाज राहील."

आणि लाजेची गोष्ट ही की अर्पितला ते पटलं. नुसतं पटलं नाही, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. चूक दुरुस्त व्हायची आणि वर आणखी एकदा आभार. असा सौदा कुणाला नको?

योगायोगानं त्याच आठवड्यात आबांचं जेवायचं बोलावणं आलं. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन, वावरातच वरण-बट्टीचा बेत. अर्पित गाडी घेऊन निघाला, मनात वाक्यं जुळवत. आबा, एक चांगली योजना आणलीय तुमच्यासाठी.

बांधावर गाडी लावली आणि पहिलं त्याचं लक्ष गेलं ते कपाशीकडे. बाकीचं वावर छातीएवढं, आणि नव्या मातीचा तेवढा तुकडा गुडघ्याएवढा, पानं पिवळी.

"यंदा जरा रुसनी," आबा त्याची नजर बघून म्हणाले, जणू दोष त्यांचाच होता. "नवी माटी शे. बसाले येळ लागस."

निंबाच्या सावलीत गावातली पाच-सहा मोठी माणसं बसली होती. यशोदाबाईंनी, आबांच्या बायकोनं, बट्ट्या तुपात बुडवून ताटात ठेवल्या. वरण वाढताना मुद्दाम सांगितलं, भाऊ, कांदा-लसूण काही नाही, तुमच्यासाठी भांडंसुद्धा वेगळं घासून घेतलंय. त्या साध्या वाक्यावर अर्पितनं हातातली बट्टी परत ताटात ठेवली. आपल्या धर्माला बाट लागू नये म्हणून ही बाई भांडं वेगळं घासते, आणि आपण हिच्या वावरात काय टाकलं?

थोड्या अंतरावर आबांची सून नूतन चुलीपाशी बसली होती. बट्ट्या तीच भाजत होती. पण वाढायला उठत नव्हती. भाजलेली बट्टी पाटीत टाकायची, आणि यशोदाबाई येऊन उचलून न्यायच्या. पाण्याच्या हंड्यालाही ती हात लावत नव्हती. दर वर्षी मिलवर तुरीबरोबर ती यायची तेव्हा सगळ्यात जास्त बडबड तिचीच असायची. बारावी शिकलेली, हिशेबाला चोख पोरगी. आज मान वर नाही.

"वहिनींची तब्येत बरी नाही का?" अर्पितनं सहज विचारलं.

यशोदाबाईंनी वरणाचं भांडं खाली ठेवलं. मग पदर सावरून त्या म्हणाल्या, "काय सांगू भाऊ. तुमनी माटी मी नवरात्रमा घटले लिधी व्हती. लोण्यासारखी माटी, म्हटलं देवीले पहिली. आळीमा बठ्ठासनी लिधी. पण आमना घट उगना नही. कोंब दिसनात, दोन दिनमा पिवळा पडी ग्यात."

नवरात्रात घटाभोवती माती पसरून धान्य पेरायचं, आणि ते हिरवंगार तरारलं की घराचं वर्ष चांगलं. ते जळलं की घरात काहीतरी वंगाळ झालं, असं बाया धरून चालतात.

"माती..." अर्पितनं तोंड उघडलं.

"माटीना काय दोस?" यशोदाबाईंनी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. "माटी त दानधरमनी. घरमाच इटाळ झाया." आणि त्यांनी चुलीकडे नुसतं बघितलं.

पुरुषांपुढे याहून जास्त काय बोलणार? पण समजायचं ते सगळ्यांना समजलं. बाहेरची असताना सुनेनं घटाला हात लावला आणि घरात सांगितलं नाही. तेव्हापासून देव्हारा बंद, हंडा बंद, वाढणं बंद. बसलेली माणसं ताटात बघत राहिली. नूतननं निखाऱ्यातली बट्टी उलटली.

पप्पांच्या योजनेत सगळं बसत होतं, शेत, विहीर, मिलचं नाव, पण नूतन बसत नव्हती. मशीन येईल, हिराकस घालून वावर बरं होईल, पुढच्या वर्षी घट हिरवा होईल. आणि मग तर नूतनवरचा डाग पक्काच होईल. बघा, यंदा ती नीट वागली, यंदा उगवला.

आता बोलायला हवं होतं. आत्ताच. पण तेवढ्यात आबा उठले. त्यांनी अर्पितला कुंकू लावलं, खांद्यावर कोरा टॉवेल टाकला, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली आणि हातात नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि आपल्या या शूर वीरानं काय केलं? वाकून नमस्कार केला. टाळ्या घेतल्या आणि "अहो, त्यात काय एवढं" हे सुद्धा म्हणाला. जिभेला सवय झालेली, दुसरं काय.

निरोप घेऊन तो गाडीपाशी आला. दार उघडलं आणि मागून आवाज आला, "भाऊ, सायरबाईंना बट्ट्या दिल्यात आत्यांनी."

नूतन होती; सासूबाईंना ती आत्या म्हणायची. आपल्या आईचं नाव तिच्या तोंडून ऐकून त्याला आणखीच कसंतरी झालं. तिनं डबा त्याच्या हातात दिला नाही. कापडात बांधलेला तो गाडीच्या बोनेटवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरकली. सवयच झाली होती तिला.

"वहिनी, घट तुमच्यामुळे नाही जळला," अर्पित भरभर बोलला, थांबला तर परत बोलता येणार नाही म्हणून. "ती माती विषारी आहे. आमच्या जागेत मुलाम्याचा कारखाना होता. मला पावसाळ्यातच समजलं होतं. मी बोललो नाही. माफ करा मला."

बोलून टाकल्यावर त्याला हलकं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर गाडीत बसून निघून जाण्याइतकं हलकं वाटलं.

नूतन रडेल असं त्याला वाटलं होतं.

"मला सांगून काय उपयोग, भाऊ?" ती म्हणाली. "मी काही केलं नाही हे मला पहिल्यापासूनच माहीत होतं. आत्यांनी माझ्या आईला फोन करून सांगितलं, तुमच्या पोरीनं देवीला बाटवलं. आई माझी तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. जे बोललात ते तिकडे निंबाखाली बोला. टाळ्या तिथं वाजल्या ना?"

ती वळली आणि चालायला लागली. तो येतो का हे तिनं मागं वळून बघितलंही नाही. अर्पित गाडीचं दार धरून उभा होता. मग त्यानं दार लोटलं आणि तिच्या मागं निघाला.

निंबाखाली तो उभ्यानंच बोलला. तोट्यांचा कारखाना, पिवळं पाणी, खड्ड्यावर टाकलेले पत्रे, सगळं. आपण मॅडमशी खोटं बोललो तेही, आणि आज इथं कसली योजना घेऊन आलो होतो तेही. बोलताना त्याला डोक्यावरची टोपी जाणवत होती. शेवटी म्हणाला, घट मातीनं जळला, वहिनींमुळे नाही.

आबा बसल्या जागी हातानं जमीन चाचपत होते. मग त्यांनी विचारलं, "वावर मरी गय का, भाऊ?"

"नाही आबा. जिथं माती टाकली तिथंच हिराकस आणि शेणखत कालवावं लागेल, पुन्हा पुन्हा तपासावं लागेल. विहीर आधी तपासू. मॅडमना मी आजच सांगतो. तोवर पाणी दुसरीकडचं प्या."

"मी गावभर सांगं," आबा स्वतःशीच म्हणाले. "माटी नही, लोणी शे."

अर्पितनं टोपी काढली आणि नारळ-टॉवेलासकट त्यांच्यासमोर ठेवली. आबांनी ती उचलली, झटकली, आणि पुन्हा त्याच्या हातात दिली.

"दिधेल टोपी आम्ही परत लेत नही. घाला."

शिवी दिली असती तर सोसली असती. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, कारण दुसरं काय करायचं ते समजेना.

यशोदाबाई पदरात तोंड घालून बसल्या होत्या. मग त्या उठल्या, हंड्याजवळ गेल्या, तांब्या भरला आणि नूतनपुढे धरला. सगळ्यांना पाणी दे, असं त्या बोलल्या नाहीत, नुसता तांब्या धरला. नूतननं थोडा वेळ तो तसाच धरू दिला. मग घेतला, खाली ठेवला, आणि अर्पितकडे वळली.

"चला भाऊ."

"कुठे?"

"आळीत. माती सगळ्यांनीच नेली होती ना. सगळ्यांचेच घट जळले. पण घट जळला हे कुणी बाहेर सांगतं का? घराची नाचक्की. जो तो दार लावून आपापल्या सुनेला बोलला. सासवा गप्प बसल्या, पण आम्ही नळावर एकमेकींना सांगितलं. सारखंच झालं सगळीकडे, हे आम्हाला ठाऊक होतं. पण दानाच्या मातीवर सुनांनी बोट दाखवलं असतं तर ऐकलं असतं कुणी?"

अर्पितला फोनवरची ती यादी आठवली. एक दाब दिला की गेली सगळ्यांना क्षमा. "वहिनी, मी सगळ्यांना फोन करून..." तो म्हणाला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाला.

ती पुढे, तो मागे. वावरातून ती दोघं गावात शिरली. पारावरच्या माणसांनी मिलच्या अर्पितशेठला सत्काराच्या टोपीत बघितलं आणि ओळखून हात वर केले. त्याचाही हात निम्मा वर गेला होता, तो त्यानं मुकाट्यानं खाली घेतला.

आळीतलं पहिलंच घर लताबाईंचं. ओट्यावर त्या तूर निवडत बसल्या होत्या. दाराच्या आत, उंबऱ्याच्या पलीकडे, त्यांची सून भिंतीशी टेकून लेकराला घेऊन बसलेली. तिनं नूतनकडे बघितलं, मग तिच्या मागच्या माणसाकडे.

लताबाईंनी सूप बाजूला सारलं आणि त्या तोंडभर हसल्या.

"या, या. माटीवाला भाऊ शेत का? टोपी भू शोभी राह्यनी. बसा ना." मग आत वळून सुनेवर आवाज चढवला, "बसी काय राह्यनी? झुलाल आबाना घरनी वहू आणि शेठ दारशी उभा शेत. आणि हंडाले हात लावू नको, मी देस पाणी."

अर्पित बसला नाही. टोपी डोक्यावर तशीच होती. त्यानं लताबाईंकडे नव्हे, उंबऱ्याच्या आत बघून हात जोडले.